एक फळी, सहा तारा आणि पाच आडवळणी पिकअप

घरी लॅप स्टील, म्हणजे मांडीवर आडवी ठेवून तारांवर धातूचा बार सरकवत वाजवायची गिटार, बनवणाऱ्याचे काम रंध्याने सुरू होते आणि पिकअपपाशी, म्हणजे तारांचे कंपन विजेच्या संदेशात बदलणाऱ्या भागापाशी, येऊन अडते. या वाद्याला पडदे ठोकायचे नसतात, मानेचा बाक साधायचा नसतो, आणि तारा बोटांनी दाबायच्याच नसल्यामुळे त्या फळीपासून दहा-बारा मिलिमीटर उंच ठेवल्या तरी कुणाची तक्रार नसते. एक सरळ, वजनदार, न वाकणारी फळी, दोन टोकांना तारा टेकवण्यासाठी लोखंडी कोनाचे दोन तुकडे आणि सहा खुंट्या एवढ्यावर वाद्य उभे राहते. पुढे बहुतेक जण गिटारचा तयार पिकअप आणून बसवतात, आणि त्यात गैर काहीच नाही. परंतु ज्याने फळी स्वतः तासली त्याला आवाजही आपल्याच हातचा हवासा वाटतो, आणि मग जुन्या यंत्रांच्या पोटातली वेटोळी, बझरच्या चकत्या, तांब्याच्या पट्ट्या अशा वस्तूंकडे त्याची नजर वळू लागते. अशा पाच पर्यायांची मी एकाच फळीवर पारख केली. त्या पारखीचा हा वृत्तान्त आहे.

हा उद्योग विचित्र वाटत असला तरी परंपरेला सोडून नाही, हे आधी नोंदवले पाहिजे. विजेवर चालणाऱ्या गिटारची सुरुवातच लॅप स्टीलपासून झाली. जॉर्ज बीचम (Beauchamp) याने १९३१ मध्ये जो पिकअप सिद्ध केला, त्याचे वेटोळे गुंडाळण्यासाठी कपडे धुण्याच्या यंत्राची मोटर वापरली होती असे सांगतात. घोड्याच्या नालेच्या आकाराचे दोन लोहचुंबक तारांना वरून-खालून कवेत घेत, आणि तारांच्या खाली वेटोळ्यात सहा लोखंडी खुंट उभे असत. ‘फ्राइंग पॅन’ या टोपणनावाने ओळखल्या गेलेल्या त्या वाद्याचे पेटंट १९३७ मध्ये मिळाले. लिओ फेंडर आणि डॉक कॉफमन यांनी १९४४ मध्ये ज्या पिकअपसाठी अर्ज केला, त्यात तर तारा थेट वेटोळ्याच्या पोटातूनच जात होत्या. म्हणजे आज ज्याला आपण आडवळण म्हणतो, तेच एकेकाळी या वाद्याचा राजमार्ग होते.

पारखीसाठी घेतलेल्या फळीवर तारांची बोलती लांबी ५७२ मिमी, म्हणजे साडेबावीस इंच, आहे. दोन तारांमधले अंतर साडेनऊ मिमी, जुळणी सी-सिक्स्थ (सी, ई, जी, ए या स्वरांची), तारा निकेलच्या वेढ्याच्या. अ‍ॅम्प्लिफायर तोच, त्याच्या कळांच्या जागा त्याच, आणि पाच मीटरची केबलही तीच. प्रत्येक पिकअपला मी तीन प्रश्न विचारले. बाराव्या पडद्याच्या जागी बार ठेवून तिसरी तार छेडली, तर तिची आस किती वेळ टिकते आणि विझताना कशी विझते? सहाव्या, वेढ्याच्या तारेवर पाचव्यापासून बाराव्यापर्यंत सावकाश मींड घेतली, तर स्वर आधी ऐकू येतो की बारची खरखर? आणि दोन्ही हात उचलून घेतले, तर शांततेत काय उरते? आवाज मोठा किती, हा प्रश्न मी मुद्दाम विचारला नाही. मोठेपणा अ‍ॅम्प्लिफायरकडून मिळवता येतो. तारेचे ऐकून बारकडे दुर्लक्ष करण्याचा गुण मात्र पिकअपच्या अंगीच असावा लागतो, आणि लॅप स्टीलच्या पिकअपची खरी परीक्षा तीच आहे असे माझे मत आहे.

मोजपट्टी म्हणून आधी एक साधा, तयार हम्बकर बसवून पाहिला. दोन वेटोळी, एकाची गुंडाळणी आणि चुंबकाची दिशा दुसऱ्याच्या उलट, त्यामुळे विजेच्या तारांमधून हवेत पसरणारा ५० किंवा ६० हर्ट्झचा हम, म्हणजे घुमणारी गुणगुण, दोन्हीकडे सारखाच येऊन परस्परांत विरतो आणि तारेचा आवाज तेवढा जमा होतो. पारखीत तो निर्विवाद उत्तीर्ण झाला. आस लांब, शांतता खरोखरीची, मींड गोल. थोडा जाडसर आवाज ही एवढीच तक्रार. सहा तारांच्या फळीवर तो बसतोही, कारण साडेनऊ मिमीच्या अंतराने सहा तारांची एकूण रुंदी साडेसत्तेचाळीस मिमी होते. आठ तारांच्या फळीवर मात्र ही रुंदी साडेसहासष्ट मिमीवर जाते, आणि गिटारसाठी घडवलेला पिकअप दोन्ही कडांच्या तारांना पोचतच नाही. आठ तारांचे वाद्य मनात असेल, तर पिकअप स्वतः करणे ही हौस राहत नाही, गरज होते.

पाच पर्यायांपैकी सर्वांत सोपा म्हणजे पिझोची, दाब पडला की वीज निर्माण करणारी, चकती. बझरमध्ये असते तशी सत्तावीस मिमीची पितळी चकती ब्रिजच्या, म्हणजे तारा टेकवणाऱ्या एका टोकाच्या, कोनाखाली दाबून बसवली की काम झाले. ना चुंबक, ना वेटोळे. सोपेपणामुळेच घरगुती वाद्यांमध्ये तिचा इतका सुळसुळाट आहे, आणि तिच्याविषयी तक्रार करणारे बहुधा तिला चुकीच्या जागी जोडतात. अशी चकती विजेच्या दृष्टीने सुमारे वीस नॅनोफॅरडचा कपॅसिटर असते. तिला मिक्सरच्या दहा किलोओहमच्या लाइन इनपुटमध्ये थेट खुपसले, तर साधारण ८०० हर्ट्झच्या खालचे सगळे झिजू लागते आणि पत्र्याच्या डब्यासारखा आवाज हाती येतो. तीच चकती एक मेगाओहमच्या इनपुटला जोडली, तर ही सीमा ८ हर्ट्झवर उतरते, म्हणजे खर्जाची चिंताच उरत नाही. मी मध्ये एका फेटचा (एका जातीच्या ट्रान्झिस्टरचा) छोटा बफर, म्हणजे चकतीवर भार न टाकणारे सर्किट, घातला, आणि आवाज खरोखर भरदार झाला.

तरीही मी ती काढून ठेवली. पिझो तारेचे कंपन ऐकत नाही, ब्रिजवर पडणारा दाब ऐकते, आणि त्या दाबात बारचे सगळे व्यवहार मिसळलेले असतात. वेढ्याच्या तारेवरून बार सरकला की करवतीचा आवाज, बार तारांवर टेकवला की ठक्, अंगठ्याचा पिक तारेला भिडला की टिक्, आणि मनगट फळीवर विसावले तरी धप्. चुंबकीय पिकअपलाही तारेतून जाणारी घासाघीस ऐकू येते, नाही असे नाही. परंतु लाकडातून आणि लोखंडातून जे ब्रिजपर्यंत येते, त्याच्याशी त्याला देणेघेणे नसते. पडद्यांच्या गिटारवर जो तपशील म्हणून खपतो, तोच लॅप स्टीलवर उपद्रव ठरतो. चुंबकीय पिकअपच्या आवाजात पिझोचा दहावा हिस्सा मिसळला तर लाकडाचा थोडा गंध येतो, हे मान्य आहे. एकट्या पिझोच्या भरवशावर मात्र मी मींड घेणार नाही.

दुसरा पर्याय वॉशिंग मशीनमध्ये पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या वेटोळ्याचा. दोनशेतीस व्होल्टच्या अशा व्हॉल्व्हचे वेटोळे चार किलोओहमच्या आसपास भरते, म्हणजे कागदावर ते गिटारच्या पिकअपच्या पंगतीत बसते, आणि प्लॅस्टिकमध्ये पक्के ओतलेले असल्याने हातातून सुटून तुटण्याची भीती नसते. त्याच्या पोकळीत लोखंडी बोल्ट घातला, बोल्टच्या डोक्यावर सहाही तारांखाली पोचेल अशी पोलादी पट्टी आडवी बसवली आणि बुडाशी चुंबक चिकटवला. आवाज आला, खर्ज तर दणदणीत आला. परंतु वरचे सूर ब्लँकेटखाली झोपल्यासारखे होते, कारण त्या जाड, भरीव बोल्टमध्ये भोवरे प्रवाह उठतात आणि उंच कंप्रता तिथेच खर्ची पडतात. त्यातून हे वेटोळे मुळात विजेच्या लाइनवर चालण्यासाठीच घडवलेले, त्यामुळे हात उचलल्यावर त्याने आपल्या जुन्या मालकाचे गुणगान मोठ्या आवाजात सुरू केले. गंमत म्हणून एक संध्याकाळ देण्याइतपत हा प्रयोग बरा आहे. मायक्रोवेव्हच्या फिरत्या तबकडीच्या मोटरमध्येही केसासारख्या तारेचे वेटोळे मिळते, पण त्यासाठी मायक्रोवेव्ह उघडू नये, एवढे बजावून सांगतो. त्यातला उच्च दाबाचा कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही जिवावर बेतू शकतो. मोटर सुटी मिळते, ती घ्यावी.

रिलेच्या, म्हणजे वेटोळ्यातल्या विजेने उघडमीट होणाऱ्या स्विचच्या, वेटोळ्यांवर मी सर्वांत जास्त दिवस घालवले, आणि ते वाया गेले नाहीत. छापील सर्किटवर बसणाऱ्या, साखरेच्या मोठ्या खड्याएवढ्या चौकोनी रिलेमध्ये एक छोटे, नीटस वेटोळे असते, मध्ये मऊ लोखंडाचा दांडा असतो, आणि या दोन्हींची सांगड कारखान्यातच घातलेली असते. म्हणजे पिकअपचे तीन चतुर्थांश काम आयते होते. चुंबक तेवढा आपण द्यायचा. रिले निवडताना त्यावर छापलेला व्होल्टचा आकडा पाहावा, कारण त्यावरून वेटोळे किती आणि किती बारीक तारेचे हे कळते. या जातीचा रिले ओढण्यासाठी साधारण ०.३६ वॅट लागतात, त्यामुळे १२ व्होल्टचे वेटोळे ४०० ओहमचे, २४ व्होल्टचे १६०० ओहमचे आणि ४८ व्होल्टचे ६४०० ओहमचे निघते. मी २४ व्होल्टचे सहा घेतले, प्रत्येक तारेला एक.

रिले उघडण्याचे काम धीराचे आहे. प्लॅस्टिकचे कवच पातळ पात्याने कडेकडेने सैल करून उचलावे लागते. पाते पाव इंच जास्त आत गेले की वेटोळ्यावर चरा पडतो, आणि चरा पडलेले वेटोळे मेलेले समजावे. आत इंग्रजी एलच्या आकाराची एक लोखंडी चौकट असते. तिच्यात दांड्याचे बूड रिव्हेटसारखे ठोकलेले असते. ते मी बारीक कानशीने घासून काढले आणि चौकट ओढून घेतली. वेटोळ्याची दोन टोके बॉबिनच्या दोन जाड पिनांना गुंडाळलेली असतात, त्या पिनांना जपावे, कारण तारेचे टोक तिथून निसटले तर ते पुन्हा शोधायला भिंग आणि देवाची कृपा दोन्ही लागतात. सहापैकी एक माझ्याकडून गेलेच. मल्टिमीटरने त्या वेटोळ्याचा ओहम दाखवायचे साफ नाकारले तेव्हा मला कळले की घाई कुठे झाली.

वेटोळ्याची रुंदी साडेनऊ मिमीपेक्षा थोडी जास्त असल्यामुळे सहा वेटोळी एका ओळीत मावत नाहीत. त्यांना नागमोडी, एक पुढे एक मागे असे बसवावे लागते. यामुळे ब्रिजजवळच्या वेटोळ्यावरची तार जरा कडक आणि लांबच्या वेटोळ्यावरची जरा मऊ बोलते, परंतु कानाला हा फरक खटकण्याइतका जाणवत नाही. पहिल्या जोडणीत मी, मेलेल्याच्या जागी नवे घेऊन, सहाही वेटोळी एकापाठोपाठ जोडली. एकूण ९.६ किलोओहम झाले, आकडा पाहून बरे वाटले, आणि आवाज ऐकून बरे वाटायचे थांबले. सगळे मंद, तुपात भिजलेले. कारण उघड होते. एका वेळी एक तार छेडली, तर एक वेटोळे कमावते आणि बाकीची पाच नुसता भार टाकतात. त्या सगळ्यांचा मिळून इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला वेटोळ्याचा विरोध) इतका वाढतो की केबलच्या कपॅसिटन्सबरोबर (वीज साठवण्याच्या क्षमतेबरोबर) त्याचा अनुनाद (ज्या कंप्रतेवर आवाज सर्वांत जास्त उठतो ती जागा) फार खाली घसरतो. हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. गिटारच्या नेहमीच्या पिकअपचा इंडक्टन्स अडीच हेन्री आणि केबलचा कपॅसिटन्स ५०० पिकोफॅरड धरला, तर अनुनाद साडेचार हजार हर्ट्झच्या आसपास येतो, आणि त्याच उंचवट्यामुळे आवाजाला धार मिळते. इंडक्टन्स चौपट झाला की हा उंचवटा निम्म्या कंप्रतेवर उतरतो.

तेव्हा मी तीन-तीनचे दोन गट केले आणि ते दोन गट समांतर जोडले. आवाजाची पातळी निम्म्यावर आली, पण इंडक्टन्स चौथ्या हिश्शावर उतरला आणि धार परत आली. शिवाय एका गटात चुंबकांची दिशा आणि वेटोळ्यांची जोडणी दोन्ही उलटी ठेवली, त्यामुळे हम जवळजवळ पूर्ण विरला. अडचण आली ती चुंबकांची. आठ मिमी व्यासाच्या निओडिमियमच्या चकत्या मी दांड्यांच्या बुडाशी लावल्या होत्या. त्या इतक्या ताकदीच्या निघाल्या की जाड तारा खाली ओढल्या जाऊन त्यांच्या स्वरात एक आजारी थरथर आली, जणू एकाच तारेत दोन किंचित बेसूर तारा भांडत आहेत, आणि आसही कापल्यासारखी तुटू लागली. लॅप स्टीलची अर्धी शोभा त्या लांबणाऱ्या आसेत आहे. ती गमावून मिळालेला जोर काय कामाचा? चकत्या काढून साधे फेराइटचे चुंबक लावले, दांडे आणि तारा यांच्यातले अंतर तीनवरून पाच मिमी केले, आणि तक्रार मिटली. या रूपात रिलेचा संच तिन्ही प्रश्नांना उतरला. मींड स्वच्छ, बार मागे, तार पुढे. प्रत्येक तारेचा आवाज सुटा ऐकू येतो, विशेषतः तीन तारांचा सूर एकत्र छेडला की, हा त्याचा स्वतःचा गुण आहे, आणि तयार हम्बकरमध्ये मला तो सापडला नव्हता.

तांब्याच्या पट्टीचा पिकअप हा पाचांमधला सर्वांत बुद्धिमान आणि पाहुण्याला दाखवावा असा प्रकार आहे. त्यात हजारो फेरे नसतात, एकच फेरा असतो. आठ मिमी रुंदीची तांब्याची पट्टी चुंबक लावलेल्या पोलादी पट्टीभोवती आयताकार वाकवायची, तिचे एक टोक एका छोट्या करंट ट्रान्सफॉर्मरच्या भोकातून ओवून दुसऱ्या टोकाला डाख द्यायची. पट्टीतला दाब नगण्य असतो, पण प्रवाह बरा असतो, आणि ट्रान्सफॉर्मरचे पाचशे फेरे त्या एका फेऱ्याचे मायक्रोफोनच्या पातळीच्या संदेशात रूपांतर करतात. सगळी मेख डाखेत आहे. एका फेऱ्याचा रोधच मिलिओहममध्ये मोजायचा असल्यामुळे, डाख थोडी जरी कच्ची राहिली तरी निम्मा आवाज सांध्यातच मरतो. माझी पहिली डाख वरून चकचकीत आणि आतून कोरडी होती. नेहमीच्या छोट्या सोल्डरिंग गनला एवढे तांबे तापवणे जमत नाही, म्हणून दुसऱ्या वेळी जाड टोकाची, जास्त वॅटची घेतली, आणि आवाज चटकन वर आला.

या पिकअपचा आवाज काचेसारखा स्वच्छ आहे. केबल पाच मीटरची असो की वीस मीटरची, त्यात फरक पडत नाही, कारण इतक्या कमी इंपीडन्सच्या (विजेला होणाऱ्या एकूण अडथळ्याच्या) उगमाला केबलचा कपॅसिटन्स जाणवतच नाही. मात्र कमी इंपीडन्स म्हणजे हमपासून मुक्ती, ही समजूत चुकीची आहे. दिव्यांच्या डिमरमधून येणारी किरकिर अशा पिकअपमध्ये कमी होते, हे खरे. पण आसपासच्या विजेच्या उपकरणांमधल्या ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून येणारा हम एका फेऱ्यालाही तितकाच दिसतो, जितका सात हजारांना, कारण तारेचा आवाज आणि हम एकाच प्रमाणात वाढतात किंवा घटतात. त्यावर उपाय म्हणजे पट्टीला मध्ये एक पीळ देऊन दोन घरे करायची आणि दुसऱ्या घरातला चुंबक उलटा ठेवायचा. तसे केल्यावर शांतता लाभली. माझी नापसंती वेगळ्याच कारणासाठी आहे. हा पिकअप फारच प्रामाणिक आहे. ज्या साडेचार हजारांजवळच्या उंचवट्याला आपले कान गिटारचा आवाज म्हणून सरावले आहेत, तो यात नाही, आणि त्यामुळे सावकाश मींड सुंदर असली तरी छेडल्याक्षणीचा दणका पांढराफटक वाटतो. ध्वनिमुद्रणासाठी मी हा निवडेन, अ‍ॅम्प्लिफायरसमोर बसून वाजवण्यासाठी नाही.

राहिला हाताने गुंडाळलेला पात्याचा पिकअप. याचे साहित्य आडवळणी नाही, बनवण्याची रीत आहे. सहा खुंटांच्या जागी तीन मिमी जाडीची एकच उभी पोलादी पट्टी घेतली, म्हणजे तारांचे अंतर काहीही असले तरी कोणतीही तार दोन खुंटांच्या मध्ये सापडून हळू होत नाही. फायबरच्या दोन पातळ पाट्यांमध्ये पट्टी अडकवून बॉबिन झाले. ०.०६३ मिमी जाडीची एनॅमलची तार त्यावर सात हजार फेरे गुंडाळायची होती. एका फेऱ्याची सरासरी लांबी पंधरा सेंटीमीटर धरली, तर ही तार एक किलोमीटरपेक्षा जास्त होते, आणि एवढी लांब असूनही तिचे वजन तीस ग्रॅमच्या आसपास भरते. माणसाच्या केसाएवढ्या जाडीची ही तार बोटांच्या चिमटीतून जाताना जाणवते न जाणवते. फेरे मोजण्यासाठी फिरत्या चाकावर एक छोटा चुंबक आणि त्याच्यासमोर रीड स्विच (चुंबक जवळ आला की मिटणारा) लावून तो स्विच जुन्या कॅल्क्युलेटरच्या बरोबरच्या बटणाला जोडला. सुरुवातीला एक अधिक एक असे भरून ठेवले की प्रत्येक फेऱ्याला आकडा एकाने पुढे जातो. कॅल्क्युलेटर सेकंदाला पाच-सहा फेऱ्यांच्या पुढे चुकायला लागतो, त्यामुळे घाई आपोआप बंद होते.

तार तीन हजार आठशेच्या पुढे तुटली. तुटण्याचा आवाज येत नाही, फक्त चिमटीतला ताण नाहीसा होतो, आणि चाक निर्लज्जपणे रिकामे फिरत राहते. अशा वेळी सगळे उलगडून पुन्हा सुरुवात करण्याची गरज नसते. पॉलियुरेथेनचे एनॅमल सोल्डरच्या उष्णतेनेच जळून जाते, त्यामुळे दोन टोकांना पीळ देऊन डाख लावायची, सांध्याभोवती कागदी चिकटपट्टीची चिमूट गुंडाळायची आणि पुढे जायचे. गुंडाळणी संपल्यावर रोध ५.७ किलोओहम भरला, म्हणजे मोजणीत फारशी गडबड झाली नव्हती. पट्टीच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी फेराइटचे पट्टीचुंबक, समान ध्रुव आत, असे बसवले.

पहिल्याच चाचणीत अ‍ॅम्प्लिफायर थोडा वाढवताच शिट्टी घुमली. वेटोळ्यातले सैल फेरे स्वतःच थरथरत होते, आणि पिकअप मायक्रोफोनसारखा फळीवरची टिचकीही ऐकत होता. अशा वेळी मेणात बुडवणे हाच उपाय आहे. चार भाग पॅराफिन आणि एक भाग मधमाश्यांचे मेण एकत्र करून ते भांडे गरम पाण्याच्या दुसऱ्या भांड्यात ठेवले, तापमान ६५ अंश सेल्सिअसजवळ राखले, आणि पिकअप त्यात वीसेक मिनिटे ठेवला. बुडबुडे येणे थांबले की मेण आतपर्यंत पोचले असे समजावे. मेण थेट आचेवर ठेवू नये, ते पेट घेते. आणि सत्तरच्या पुढे गेले तर प्लॅस्टिकचे बॉबिन मान टाकते, म्हणूनही फायबर बरे. मेणानंतर शिट्टी थांबली आणि खरा आवाज ऐकू आला. तार पुढे, बार मागे, विझताना स्वर टोकाकडे निमुळता होत जातो, मध्येच तुटत नाही. एकेरी वेटोळे असल्यामुळे हम आहे, तो लपवत नाही. विजेच्या उपकरणांपासून फळी फिरवून बसले की सहन होण्याइतका उतरतो.

पिकअप ठेवायच्या जागेविषयी एक गोष्ट याच पिकअपने शिकवली. सुरुवातीला त्याचा मध्य मी ब्रिजपासून ४८ मिमीवर ठेवला होता. मोकळ्या तारेवर आवाज छान, बाराव्यावर छान, पण बार चोविसाव्या पडद्याच्या जागी नेला की आवाज अचानक पोकळ व्हायचा. बार तिथे असताना उरलेली तार १४३ मिमीची असते, आणि तिचा एक तृतीयांश म्हणजे नेमके ४८ मिमी. तारेचा तिसरा सूरांश, म्हणजे मूळ स्वराच्या तिप्पट कंप्रतेचे कंपन, तिथे स्थिर असतो, म्हणून पिकअपला तो ऐकूच येत नव्हता. पडद्यांच्या गिटारवर चोविसाव्या घरात सहसा कुणी मुक्काम करत नाही, लॅप स्टीलवर मात्र उंच मींडेचा शेवट हमखास तिथेच होतो. पिकअप ३६ मिमीवर सरकवला, आणि पोकळपणा गेला. त्यानंतर रिले, तांब्याची पट्टी आणि तयार हम्बकर यांचीही परीक्षा मी नव्या जागेवर पुन्हा घेतली, आणि वर लिहिलेली मते त्या दुसऱ्या फेरीची आहेत.

ज्याला एका दुपारी वाद्य वाजते करायचे आहे, त्याने तयार हम्बकर घ्यावा. ज्याच्याकडे आठवडा आहे आणि सोल्डरिंगचा हात बसलेला आहे, त्याला मी रिलेचा संच सुचवेन. वेटोळी आयती मिळतात, हम विरतो, आणि एखादे वेटोळे मेले तर तेवढेच बदलता येते. हाताने गुंडाळलेला पात्याचा पिकअप आवाजात माझा सर्वांत आवडता आहे, पण तो वेळ मागतो. माझ्या सहा तारांच्या फळीवर सध्या तोच आहे. रिलेचा संच मी काढून ठेवला आहे, कारण आठ तारांची फळी तासून तयार आहे आणि तिच्यासाठी आणखी दोन रिले उघडायचे आहेत, चार-चारचे दोन गट करण्यासाठी. आठ वेटोळी नागमोडी बसवल्यावर ती फळीच्या रुंदीत मावतात की नाही, हे कागदावर मोजले आहे. दोन्ही कडांना दोन मिमी शिल्लक राहतात.